सोल्प ॲडजस्ट माडि... पण कोणी?

इअरफोन नीट बसलेत ना कानात? नसतील तर जरा ॲडजस्ट करा. बघा, आला आजचा शब्द.

ॲडजस्ट. आपण तो इतका वापरतो की इंग्रजी आहे हेही विसरतो. पण या शब्दाचा खरा अर्थ मला कळला बंगळुरूत, आणि तोसुद्धा कन्नडमधून. ती गोष्ट सांगते.

नोकरीसाठी तिकडे गेले तेव्हा एका पीजीत राहत होते. खोलीत तीन कॉट, तिघी मुली. महिनाभरात आंटी, म्हणजे पीजी चालवणाऱ्या बाई, चौथी कॉट घेऊन आल्या. कपाट उघडायचं तर आता कॉटवर उभं राहावं लागणार! आम्ही काही बोलायच्या आत आंटी गोड हसून म्हणाल्या, "सोल्प ॲडजस्ट माडि."

बंगळुरूत हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. सोल्प म्हणजे स्वल्प, थोडंसं. आपल्या स्वल्पविरामातला स्वल्प तोच. माडि म्हणजे करा. (आपली माडी नाही हं, वरच्या मजल्याची! मी पहिले दोन दिवस तेच समजत होते.) लहान माणसाला किंवा मित्राला 'माडु', मान देऊन 'माडि'. हुबळी-धारवाडकडे गेलात तर 'माड्रि'. म्हणजे आंटी अगदी अदबीने बोलल्या होत्या. एवढ्या अदबीने कुणी बोललं की नाही म्हणणं अवघड जातं.

आता इंग्रजीत बघा. ॲडजस्टचं मूळ लॅटिन, 'अद' आणि 'जुक्स्ता', म्हणजे जवळ आणणं. ते फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. इंग्रज माणूस गाडीचा आरसा ॲडजस्ट करतो, खुर्चीची उंची ॲडजस्ट करतो, नव्या शहराला ॲडजस्ट होतो. पण लंडनच्या बसमध्ये शेजारच्याला नुसतं "प्लीज ॲडजस्ट" म्हटलंत, तर तो विचारात पडेल, नक्की काय ॲडजस्ट करू? 'सरकून बसा, मला जागा द्या' हा अर्थ आपल्याकडचा. मुंबईच्या लोकलमधली चौथी सीट आठवा. शब्द त्यांचा, वापर आपला.

ऑफिसातल्या एका कन्नड मैत्रिणीला मी विचारलं, याला शुद्ध कन्नडमध्ये काय म्हणतात? ती म्हणाली, "कुठला ॲडजस्ट? आमच्याकडे बरेच आहेत." बसमध्ये सरकायला सांगायचं तर 'सोल्प जरुगि', जरा सरका. एखादी गोष्ट दुरुस्त करायची तर 'सरिपडिसु'. आणि मुख्य शब्द म्हणजे 'होंदु', जुळणं. त्यातून दोन क्रियापदं निघतात, आणि खरी गंमत तिथे आहे.

एक 'होंदिसु', म्हणजे जुळवणं. कर्नाटकातल्या शाळेच्या पेपरात प्रश्न येतो, 'होंदिसि बरेयिरि', जुळवून लिहा. आपलं 'जोड्या जुळवा'! इथे मी स्वतः बदलत नाही, मी समोरच्या गोष्टी जुळवते.

दुसरं 'होंदिकोळ्ळु', म्हणजे जुळवून घेणं. इथे बदलायचं ते मी. आणि यातलं 'कोळ्ळु' म्हणजे चक्क घेणं! आपण 'करून घ्या' म्हणतो, ते म्हणतात 'माडिकोळ्ळि'. आपण 'करून द्या' म्हणतो, ते म्हणतात 'माडिकोडि', कारण 'कोडु' म्हणजे देणं. कन्नड द्राविडी कुळातली, मराठी आर्य कुळातली, पण शेकडो वर्षं शेजारी राहून घेण्यादेण्याची रीत सारखीच झाली आहे. मला हे कळलं तेव्हा मी ऑफिसात एकटीच हसत बसले होते.

नाम हवं असेल तर 'होंदाणिके'. हा शब्द कन्नड पेपरात रोज दिसतो. दोन पक्षांचं जागावाटप म्हणजे 'सीटु होंदाणिके'. नवराबायकोचं पटत नसेल तर 'होंदाणिके इल्ल'.

आता पुन्हा चौथ्या कॉटकडे. 'ॲडजस्ट माडि' म्हटलं की कुणी कुणासाठी बदलायचं हे कळतच नाही. सगळे मिळून काहीतरी छान करतोय असं वाटतं. पण आंटींना म्हणायचं होतं 'होंदिकोळ्ळि', तुम्ही जुळवून घ्या. इंग्रजी शब्दाने ते झाकलं होतं. आणि खरं सांगू? मराठीतही आपण तेच करतो. नव्या सुनेला "थोडं ॲडजस्ट कर" म्हणतात. "तू बदल, आम्ही बदलणार नाही" असं स्पष्ट मराठीत म्हणायला जीभ रेटत नाही म्हणून. ऑफिसात "या वीकेंडला ॲडजस्ट कर ना" हेही त्यातलंच.

मैत्रिणीने मला एक वाक्य पाठ करून दिलं. संध्याकाळी मी आंटींसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आंटी, नीवे होंदिसि." तुम्हीच जुळवा.

आंटी आधी गप्प, मग खळखळून हसल्या. "कन्नड बरुत्ता?" कन्नड येतं का तुला? मी म्हटलं, "सोल्प सोल्प."

कॉट काही हलली नाही, खोटं कशाला सांगू. पण आमच्या तिघींचं भाडं पाचशे रुपयांनी कमी झालं आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये दुसरं कपाट आलं. चौथी मुलगी विजयपुऱ्याची निघाली, तिच्याकडून मी पुढे 'माड्रि' शिकले.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ॲडजस्ट करा म्हटलं, की मनात एकदा विचारून बघा, होंदिसु की होंदिकोळ्ळु? आणि तुमच्या घरात, होस्टेलवर हा शब्द शेवटचा कुणी कुणाला म्हटला, ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात ऐकवते. बर्तीनि, म्हणजे येते!