गोगलगाय आणि वटवाघूळ

(यवतमाळ जिल्ह्यातील पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण दिसायला गरीब पण आतून बेरकी अशा माणसाला लावतो. शंखी गोगलगाईला ती तंतोतंत लागू पडते. ही मूळची पूर्व आफ्रिकेतील. १८४७ साली बेन्सन नावाच्या अभ्यासकाने ती मॉरिशसहून कलकत्त्यास आणली व तेथील बागेतून ती पसरली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली. पुसद व उमरखेड हे आपले तालुके मराठवाड्याला लागूनच आहेत, आणि रोपवाटिकेच्या कुंड्यांतील मातीबरोबर तिची अंडी सहज प्रवास करतात.

वटवाघळाची गोष्ट उलटी. त्याला अशुभ मानण्यात आपण कसूर केलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही फळभक्षी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसविले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच रद्द झाली. पेरू-चिकूच्या बागायतदाराची तक्रार खोटी नाही, मात्र तिला जाळीचा उपाय आहे. घाटंजी, केळापूर, झरी जामणीकडील मोहाचा विचार करा. रात्री मोहावर येणारे वटवाघूळ परागसिंचन करते, फळ दूर नेऊन खाते आणि बी तेथेच टाकते. कोलाम व गोंड कुटुंबांच्या मोहवेचणीमागे या पाहुण्याचेही श्रम आहेत.

दोघेही निशाचर, परंतु खरा भेद वंशवृद्धीत आहे. गोगलगाय उभयलिंगी असून एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. वटवाघळाच्या मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिल्लू होते. वस्तीचा जुना वड तोडण्याचा ठराव ग्रामपंचायतीने एका बैठकीत केला, तर मोडलेली वसाहत पुन्हा उभी राहण्यास कित्येक वर्षे लागतील. उलट गोगलगाई एकाने वेचल्या व शेजाऱ्याने सोडल्या, तर सारे श्रम वाया जातात. पहिल्या पावसानंतर साऱ्या शिवाराने एकाच आठवड्यात हे काम करावे. गुळाच्या पाण्यात भिजविलेली गोणपाटे सायंकाळी बांधावर पसरावीत. सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाकाव्यात.

शिक्षकांना एवढेच सांगतो, की मुलांनी वटवाघळाने कुरतडलेले फळ खाऊ नये आणि गोगलगाईला उघड्या हाताने शिवू नये. तिच्या अंगातील परजीवी कृमी मेंदूच्या आवरणास सूज आणू शकतात. म्हणून वेचणाऱ्या मोठ्यांनीही हातमोजे घालावेत.