उजाडलं की मुंबई पळते

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली ती थोडी सावरली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोणी पाहुणा नाही, मी एकटाच आहे. आणि आज कोड, स्टार्टअप, पगार यातलं काहीही नाही. आज रेडिओ. म्हणजे दिवाळीच्या पहाटेचा रेडिओ.

आधीच कबूल करतो. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे. ज्या दिवाळीसाठी मी हळवा होतो, ती मी बघितलेलीच नाही. पहाटे चारला उठणं, बंबात तापलेलं पाणी, उटणं, आणि रेडिओवर नरकासुरवधाचं कीर्तन, हे सगळं माझ्याकडे बाबांकडून आलंय. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून. फॅमिली ग्रुपवर दर ऑक्टोबरमध्ये तो एक फॉरवर्ड येतो ना, 'आता ती दिवाळी राहिली नाही' वाला, तो मीही दोनदा पुढे पाठवलाय. कशाच्या आधारावर, ते विचारू नका.

तर मागच्या दिवाळीत मी एक प्रोजेक्ट केला. मिरजेच्या घरी आजोबांचा मर्फी रेडिओ पडून होता. आतलं सगळं गेलेलं, पण लाकडी पेटी शाबूत. मी त्यात एक रास्पबेरी पाय बसवला, छोटा स्पीकर लावला आणि एक स्क्रिप्ट लिहिली. नरक चतुर्दशीला पहाटे पाच वाजता आपोआप सुरू. आधी सनई, मग कीर्तन, मग अभंग, मग भावगीतं. बटण फिरवलं की खरखर सुद्धा यायची. त्या खरखरीवर मी दोन संध्याकाळी घालवल्या होत्या!

दिवाणखान्यात, आजोबांच्या जागेवरच तो ठेवला. पाच वाजले, सनई सुरू झाली. बाबांच्या डोळ्यांत पाणी. काकांनी व्हिडिओ काढला. आत्याने अमेरिकेतून बदाम पाठवले, म्हणजे लाल वाले.

आजी स्वयंपाकघरात होती. सहाच्या सुमारास बाहेर आली, हात पुसत उभी राहिली, आणि म्हणाली, "छान केलंयस. पण मला यातलं काय आठवतंय, सांगू? मुंबई पळायची तेवढं."

आता हे 'मुंबई पळायची' म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण मला हे प्रकरण फार आवडलं. आजोबांना मुंबई केंद्र लावायचा नाद. सांगलीचं केंद्र हाकेच्या अंतरावर, ते दिवसभर स्वच्छ ऐकू यायचं. पण मुंबई लागली तर काही और! आणि मुंबई लागायची ती रात्री किंवा पहाटे. उजाडलं की आवाज खोल जायचा, मग नुसती घरघर. आजोबा म्हणायचे, "उजाडलं, मुंबई पळाली."

यामागे साधं विज्ञान आहे. ही केंद्रं मीडियम वेव्हवर. दिवसा सूर्यामुळे जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटरवर हवेचा एक विद्युतभारित थर तयार होतो, डी लेयर म्हणतात त्याला. वर जाणाऱ्या या लहरी तो गिळून टाकतो. मग उरते ती फक्त जमिनीलगत जाणारी लहर, ती फार लांब पोचत नाही. सूर्य मावळला की तो थर विरतो. लहरी आणखी वर जातात, तिथल्या थरावरून परत खाली येतात आणि शेकडो किलोमीटरवर उतरतात. म्हणजे मुंबईचा आवाज रात्री आकाशातून मिरजेत यायचा आणि सूर्योदयाला ती वाट बंद व्हायची. अभ्यंगस्नानही सूर्योदयाच्या आधीच करायचं असतं. दोन्हींना एकच डेडलाईन.

मी हे आजीला मोठ्या उत्साहात समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असेल. पण मी बंब पेटवायला उठायचे तेव्हा ती असायची, आणि माझी आंघोळ व्हायच्या आत गेलेली असायची."

घरात तेव्हा अकरा माणसं. सगळ्यांना तेल लावायचं, पाणी काढून द्यायचं, सगळ्यांची न्हाणी झाली की शेवटी सुनेची. तोवर फराळाची ताटं. रेडिओ बाहेर, मामंजींच्या खुर्चीशेजारी. आजीच्या वाट्याला भिंतीपलीकडून येईल तेवढं.

मग तिने वही काढली.

ही वही मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. तिचं माहेर पुण्याचं, कसबा पेठेतलं. वाड्याच्या मालकांकडे रेडिओ होता आणि पायरीवर बसून ऐकायची मुलांना मुभा होती. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा आजी अकरा वर्षांची होती. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, कार्यक्रम ठरवणारे सीताकांत लाड. आठवड्याला एक नवं गाणं, वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी बावन्न न होता छप्पन्न झाली. आज आपण ऐकतो ते बहुतेक बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात, पण मुळात गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, स्वतः लता मंगेशकर.

(एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. असं सांगतात की पहिल्याच गाण्याचा कागद फडक्यांकडून हरवला आणि प्रसारण तोंडावर आलेलं. मग गदिमांना एका खोलीत बसवून गाणं पुन्हा लिहून घेतलं. बॅकअप नाही, आणि थेट प्रॉडक्शनवर! आमच्या टीमला मी हे उदाहरण देत असतो.)

गाणं शुक्रवारी सकाळी पावणेनऊला लागायचं आणि शनिवारी, रविवारी तेच पुन्हा. आजीने ते शिसपेन्सिलीने उतरवून घेतलंय. शुक्रवारी जमेल तेवढं, शनिवारी गाळलेल्या जागा, रविवारी पडताळा. तीन वेळा तपासलेला डेटा. छप्पन्नपैकी एक्केचाळीस गाणी वहीत आहेत आणि त्यातली अपुरी फक्त तीन. त्या आठवड्यात तिला गोवर आला होता असं ती म्हणते, पण तीन आठवडे गोवर कसा, ते मी विचारलं नाही.

मग काही कोरी पानं. आणि मग शाई. १९६४ ला लग्न झालं, मिरजेला आली, वही बरोबर आणली. इथून पुढे भावगीतं.

या भावगीतांचाही एक मजेशीर इतिहास आहे, पटकन सांगतो. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ गायब झाली. लोक रेडिओ सिलोनकडे, बिनाका गीतमालाकडे वळले. आकाशवाणीला स्वतःची हलकीफुलकी गाणी हवी होती. कवी तर होतेच. बोरकर, पाडगांवकर आकाशवाणीत नोकरीला, यशवंत देवही तिथेच. कवितेला चाल लागायची आणि ती थेट घरात पोचायची. केसकरांचा निर्णय मला स्वतःला आगाऊपणाचा वाटतो, लोकांनी काय ऐकावं हे मंत्र्याने ठरवू नये. पण त्यातून मराठीला जे मिळालं ते मिळालंच.

तर वही. लग्नानंतरची अडतीस गाणी. मी सवयीप्रमाणे मोजली. त्यातली एकतीस अर्धवट! धृपद असतं, पहिलं कडवं असतं, दुसरं कधी असतं कधी नसतं, आणि पुढे टिंबं. टिंबांपुढे समासात बारीक अक्षरात एकेक शब्द. 'दूध'. 'मामंजी'. 'दारावर कोणी'. 'बाळ उठला'. हा बाळ म्हणजे माझे बाबा.

मी म्हटलं, "आजी, हे काय गं?"

"उठावं लागलं ना. का उठले ते लिहून ठेवायचे."

"कशाला पण?"

"राग यायचा म्हणून."

मंडळी, मी रोज सर्व्हरचे लॉग वाचतो. कनेक्शन कधी तुटलं, का तुटलं. असा लॉग मी कधी वाचला नव्हता. ती टिंबं बघताना मला एक गोष्ट उशिरा कळली आणि मी चांगलाच ओशाळलो. मी इतका खटाटोप करून जुनी दिवाळी परत आणली, खरखरीसकट आणली, आणि रेडिओ ठेवला कुठे? दिवाणखान्यात, आजोबांच्या खुर्चीशेजारी. आणि आजी? करंज्या तळत होती, भिंतीपलीकडे. इतकी हुबेहूब नक्कल मला ठरवूनही जमली नसती.

बाबांना जी दिवाळी आठवते ती खोटी नाही. ते उबदार पाण्याने न्हाऊन, नवे कपडे घालून, रेडिओसमोर बसलेले होते, त्यांना ती पूर्ण ऐकू आली. आजीची अर्धी आहे. आणि फॅमिली ग्रुपवर अर्धीवाले लिहीत नाहीत.

मग मी ठरवलं, गाळलेल्या जागा भरायच्या. आता काय, सगळं नेटवर आहे. एका रात्रीत सव्वीस गाण्यांची उरलेली कडवी सापडली. आजीला म्हटलं छापून देतो. तिला त्यात फारसा रस दिसला नाही. म्हणाली, "त्यातली बरीच नंतर कॅसेटवर ऐकली रे. ते एक बघ, वृंदावनातल्या दिव्याचं."

एकतीसमधली पाच सापडली नव्हती, त्यातलं हे एक. वहीत कवीचं नाव नाही, गायिकेचं नाही. दोन कडवी आहेत, तिसऱ्याच्या जागी टिंबं आणि समासात 'बंब'. म्हणजे दिवाळीतलं. आकाशवाणीसाठी केलेल्या प्रत्येक गाण्याची काही रेकॉर्ड निघाली नाही. लागलं, ऐकलं, संपलं. मी चार दिवस शोधलं. शब्द उलटेपालटे करून, चुकीचं ऱ्हस्वदीर्घ घालून, जुन्या संग्राहकांना मेल करून. काही नाही.

आजीला सांगितलं, नाही मिळत. ती म्हणाली, "बरं." मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, तिने ते गायला सुरुवात केली. एक्क्याऐंशीव्या वर्षी आवाज थरथरतो, पण सूर जागेवर. धृपद, पहिलं कडवं, दुसरं. आणि थांबली नाही. तिसऱ्या कडव्याची चाल तीच असणार ना, त्यामुळे तिने ते नुसतं गुणगुणलं. शब्दांशिवाय, पूर्ण कडवं, आणि बरोबर समेवर परत धृपदावर आली. मी फोनवर रेकॉर्ड केलं. मागे गवारीच्या शेंगा मोडल्याचा आवाज आहे, तो मी काढलेला नाही.

भागाच्या शेवटी तो तुकडा जोडलाय, दीड मिनिटाचा आहे. आजीची परवानगी घेतली आहे. तुमच्या घरी सत्तरीच्या पुढचं कोणी असेल, विशेषतः सांगली, मिरज, कोल्हापूर किंवा मुंबईकडचं, तर त्यांना ऐकवा. ते तिसरं कडवं कोणाला येत असेल तर मला लिहा. एखादी ओळ आठवली तरी चालेल.

आणि हो, यंदाची दिवाळी. मी आजीला म्हटलं, या वेळी मर्फी स्वयंपाकघरात ठेवतो, ओट्यावर जागा करतो.

"अजिबात नको," म्हणाली. "तेल उडेल त्यावर. तो आहे तिथेच राहू दे. मी येऊन बसते खुर्चीत. करंज्या तू तळ."

तर सध्या मी करंजीची पारी लाटायला शिकतोय. दोन फुटल्या, एक करपली. पुढचा भाग दिवाळीनंतर. भेटू.