एक कण, अनेक तपासण्या

परंडा आणि भूम तालुक्यांतले कर्करुग्ण नोंदवणारी बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली सुरू झाली. देशातली ती पहिलीच. पण आजार उशिरा कळतो, हे गावाकडचं दुखणं जुनंच आहे.

गाठ शोधताना चित्र स्पष्ट यावं म्हणून सीटी स्कॅनला शिरेतून देतात ते औषध आयोडीनचं, एमआरआयला बहुधा गॅडोलिनियमचं. यंत्र बदललं की औषधही बदलतं. म्हणून संशोधक दोन्हीकडे दिसेल असा नॅनोकण घडवत आहेत. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हा कण साधारण दहा ते शंभर नॅनोमीटरचा. आत लोहाचं ऑक्साइड, वर सोन्याचा मुलामा. लोहाच्या चुंबकत्वामुळे एमआरआयच्या चित्रात ती जागा काळवंडते. सोनं क्ष-किरण चांगले अडवतं, म्हणून सीटीत तीच जागा उजळते. त्यावर किरणोत्सारी टेक्नेशियम जोडलं, तर गॅमा कॅमेऱ्यालाही तो कण सापडतो. गाठ नेमकी कुठे, यावर मग यंत्रांचं एकमत होतं.

अडचण एकच, पण मोठी: असे कण यकृतात आणि प्लीहेत साचतात, सोनं तर लवकर बाहेर पडत नाही. त्यामुळे हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे, आणि घाई नको हेच बरं.

तोवर एवढं करा. स्कॅनपूर्वी मूत्रपिंडाचा त्रास, मधुमेहाच्या गोळ्या किंवा आधी आलेली अ‍ॅलर्जी डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा, आणि जुन्या फिल्म सोबत न्या.