शेजारच्या देशाचे दार



वसंत व्याख्यानमाला म्हटली म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा काव्याची असते, इतिहासाची असते, निदान राजकारणाची तरी असते. आजचा माझा विषय त्या मानाने फारच रुक्ष आहे. शेजारच्या देशात जाताना कोणती कागदपत्रे लागतात आणि ती का लागतात, एवढेच मला सांगायचे आहे. परंतु आपल्या भागातून काशी-गयेला निघालेली मंडळी आता पशुपतिनाथ, मुक्तिनाथ आणि लुंबिनीपर्यंत जाऊ लागली आहेत. पैसा जमवून, शेतीची कामे उरकून, म्हातारी माणसे बरोबर घेऊन निघालेल्या कुटुंबाला हजार-बाराशे किलोमीटरवर एका कागदापायी परतावे लागणे, हे दुःख लहान नाही. शिवाय या कागदांच्या मुळाशी शेजारधर्माचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे. म्हणून हा विषय मी घेतला.

सरहद्द म्हणजे काय हे आर्वीकरांना दुसऱ्याने शिकवण्याची गरज नाही. आपल्याकडून कौंडिण्यपूरला जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. पलीकडे अमरावती जिल्हा लागतो एवढेच. रुक्मिणीच्या माहेरी जाणाऱ्याला कोणी अडवीत नाही. पण १८०३ सालच्या देवगावच्या तहाने हीच वर्धा नदी दोन राज्यांची सरहद्द झाली होती. अलीकडे नागपूरकर भोसले, पलीकडे निजामाचा वऱ्हाड! नदी तीच, तीरावरची माणसे तीच, भाषा तीच. मध्ये रेघ तेवढी आली. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला आणि ती रेघ पुसट झाली. सरहद्दी देवाने आखलेल्या नसतात. त्या तहाने होतात आणि तहानेच सैल होतात. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचा विषय सोपा होतो.

परवान्याची कल्पनाही आपल्याला नवी नाही. मराठी दफ्तरांत 'दस्तक' आणि 'राहदारी' हे शब्द जागोजाग भेटतात. वाटेतल्या चौक्यांनी अडथळा करू नये म्हणून प्रवाशाजवळ द्यावयाचा कागद तो दस्तक; आणि राहदारी म्हणजे वाटेचा कर किंवा वाटेचा परवाना. आज आपण रहदारी म्हणतो ती रस्त्यावरच्या गर्दीला. पण त्याच फारसी शब्दकुळातला 'राहदानी' हा शब्द नेपाळी भाषेत अजून पासपोर्ट या अर्थाने चालतो. आपण 'पारपत्र' हा नवा संस्कृत शब्द घडवला आणि बोलताना मात्र पासपोर्टच म्हणत राहिलो.

आता नेपाळकडे वळू. राणा घराण्याची सत्ता होती त्या काळात हिंदुस्थानातल्या सामान्य माणसाला काठमांडूचे दार उघडे नव्हते. परवाना मिळवावा लागे. अपवाद एकच, महाशिवरात्रीचा. त्या दिवसांत पशुपतिनाथाच्या यात्रेकरूंना जाऊ देत, आणि यात्रा आटोपली की परतावे लागे. आचार्य धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात काशीहून नेपाळात गेले ते याच राणांच्या अमदानीत, १९०२ च्या सुमारास. तेथे त्यांना हवे ते मिळाले नाही. पुढे ते सिंहलद्वीपाला गेले आणि तेथे भिक्षू झाले. गोव्यात जन्मलेल्या या ज्ञानवेड्या माणसाने जून १९४७ मध्ये देह ठेवला तो आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला.

पुढे काळ बदलला. ३१ जुलै १९५० रोजी काठमांडूत भारत आणि नेपाळ यांच्यात शांतता व मैत्रीचा तह झाला. त्याचे सातवे कलम आपल्या कामाचे आहे. एका देशाच्या नागरिकाला दुसऱ्या देशात राहण्याच्या, मालमत्ता बाळगण्याच्या, व्यापार-उदीम करण्याच्या आणि हिंडण्याफिरण्याच्या बाबतीत परस्परभावाने सारख्या सवलती असाव्यात, असे त्या कलमाचे तात्पर्य. भारत-नेपाळ सरहद्द सुमारे १७५० किलोमीटर लांब आहे आणि आपली पाच राज्ये तिला भिडलेली आहेत. एवढ्या लांब सरहद्दीवर दोन्ही बाजूंच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही, ही गोष्ट आजच्या जगात विरळाच म्हटली पाहिजे. नोव्हेंबर १९५६ मध्ये, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिनाभरातच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. विदर्भातल्या हजारो बौद्ध कुटुंबांच्या मनात लुंबिनीची ओढ आहे. त्या कुटुंबांना आज तेथवर व्हिसाशिवाय जाता येते, हे त्या उघड्या दाराचे फळ आहे.

पण दार उघडे आहे म्हणजे 'तू कोण?' असे कोणी विचारणारच नाही, असा मात्र अर्थ नाही. व्हिसा म्हणजे येण्याची परवानगी. ओळखपत्र म्हणजे आपण कोण याचा पुरावा. नेपाळात पहिले लागत नाही, दुसरे लागते. यात्रेकरूंचा घोटाळा होतो तो नेमका येथे. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला येणाऱ्या भारतीय विमानाचे अपहरण झाले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर, २००० सालापासून, विमानाने ये-जा करणाऱ्यांकडून छायाचित्र असलेले ठराविक ओळखपत्र मागण्यास सुरुवात झाली.

हे ठराविक ओळखपत्र कोणते? सामान्य माणसापुरते बोलायचे तर दोनच: पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र. आधार कार्ड सगळीकडे चालते, मग येथे का चालू नये, असे पुष्कळांना वाटते. आधार हा रहिवासाचा पुरावा आहे. तो नागरिकत्वाचा नव्हे. मतदार मात्र नागरिकच असू शकतो. म्हणून हा भेद. पासष्ट वर्षांवरील वृद्धांना आणि पंधरा वर्षांखालील मुलांना यातून सूट आहे. त्यांच्यासाठी छायाचित्राचे दुसरे ओळखपत्र चालते, आणि केंद्रीय गृहखात्याने २०१९ च्या आरंभी स्पष्ट केल्याप्रमाणे त्यांचे आधार कार्डही चालते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेला दाखला लागतो. नवरा-बायको, अज्ञान मुले आणि आईवडील असे कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असेल, तर इतरांना छायाचित्र आणि नाते दाखवणारा दुसरा पुरावा पुरतो. रस्त्याने सोनौली किंवा रक्सौलच्या नाक्यावरून जाणाऱ्यांकडे तपासणी सैल दिसते खरी. पण सैल तपासणीच्या भरवशावर वृद्ध आईला घेऊन निघणे शहाणपणाचे नाही. अस्सल कागद जवळ असावा. झेरॉक्स प्रत हरवलेल्या कागदाची आठवण देते, त्याचे काम करीत नाही.

आता एक गोष्ट विशेष करून भगिनींसाठी सांगतो, आणि ती माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्याकडे मुलीचे लग्न झाले की तिचे मधले नाव बदलते, आडनाव बदलते. काही घरांत स्वतःचे नावही बदलते. मतदार यादीत सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, बँकेत नुसते आद्याक्षर, आणि एका कागदावर 'बाई' आहे तर दुसऱ्यावर नाही! गावात हे खपून जाते, कारण गाव माणसाला तोंडाने ओळखते. नाक्यावरचा शिपाई माणसाला कागदाने ओळखतो. तिकिटावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरे असले, तर त्याला दोन बाया दिसतात. पुरुषाचे नाव जन्मभर एकच राहते, म्हणून त्याच्या कागदांत बहुधा मेळ असतो. घरातली बाई मात्र अडते. तेव्हा यात्रा ठरली की पहिले काम तिकिटाचे नव्हे; घरातल्या बायकांचे कागद एकत्र मांडून नाव, जन्मतारीख आणि छायाचित्र जुळते की नाही हे पाहण्याचे. जुळत नसेल तर दुरुस्ती वेळेवर करून घ्यावी. हे काम यात्रेपुरते नाही; वारसाहक्काच्या वेळी, पेन्शनच्या वेळी तेच कागद तिच्या कामी येणार आहेत.

आणखी काही किरकोळ गोष्टी. स्वतःची गाडी नेपाळात नेताना नाक्यावर जकातीच्या कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो. त्या कचेरीला तेथे 'भंसार' म्हणतात. भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचा एक रुपया साठ पैसे, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. पण मोठ्या नोटांची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळ सरकारने शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटांना मनाई केली होती. असे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा बरोबर ठेवाव्यात.

सगळेच शेजारी सारखे नाहीत. भूतानमध्ये आपल्याला व्हिसा लागत नाही, पण प्रवेशाचा परवाना घ्यावाच लागतो. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून भारतीय प्रवाशाला दर माणशी दर रात्रीस १२०० रुपये शुल्क आहे. लहान देश, डोंगरी मुलूख. पाहुण्यांच्या गर्दीने तो विस्कटू नये हा त्यामागचा हेतू. श्रीलंकेला आणि बांगलादेशाला पासपोर्टावाचून पाऊल टाकता येत नाही. पाकिस्तानची कथा तर करुणच आहे. फाळणी झाली तरी पहिले काही महिने लोक तसेच ये-जा करीत होते. १९४८ मध्ये परवाना आला आणि ऑक्टोबर १९५२ मध्ये पासपोर्ट व व्हिसा. कालपर्यंत एकाच गावची असलेली माणसे एकमेकांना परदेशी झाली. तरीही सप्टेंबर १९६२ मध्ये आपल्या पवनारचे विनोबा आसामातून पश्चिम बंगालकडे येताना पूर्व पाकिस्तानातून पायी चालत आले. पाकिस्तान सरकारची रीतसर परवानगी घेऊन ते चालले आणि त्या परक्या मुलखातही त्यांनी भूदानच मागितले. 'जय जगत्' म्हणणाऱ्या माणसालाही परवानगीचा कागद घ्यावा लागला, हे खरे. पण त्याने तो घेतला, आणि कागदाच्या पलीकडचे कामही केले.

याच जिल्ह्यात येऊन राहिलेल्या गांधीजींनी १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्ग येथे हिंदी लोकांचे नोंदणीचे परवाने जाळविले होते, मग आज आम्ही मुकाट्याने कागद का दाखवावा, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. ट्रान्सवालचा तो कायदा एका वर्णाच्या लोकांनाच गुन्हेगारासारखे वागवण्यासाठी होता. जो कागद सर्वांना सारखाच मागितला जातो आणि ज्याच्या बळावर आपले सरकार परमुलखात आपली पाठ राखते, त्याची गोष्ट वेगळी. १९६७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी नव्हे. कागद मागणाऱ्याने अपमान करू नये आणि देणाऱ्याने लपवाछपवी करू नये, एवढी मर्यादा दोघांनी पाळली पाहिजे.

शेवटी मुद्द्याचे बोलतो. १९५० च्या तहातला 'परस्परभाव' हा शब्द मी मघाशी उच्चारला. आपण पशुपतिनाथाला व्हिसाशिवाय जातो, त्याच नियमाने नेपाळातला तरुण आपल्याकडे येतो. रात्री काठी आपटीत फिरणारा गुरखा, खानावळीत भांडी घासणारा पोरगा, बांधकामावर विटा वाहणारे जोडपे, यांना आपण काय म्हणून वागवतो? नावसुद्धा विचारीत नाही, सगळे 'बहादूर'! चोरी झाली की पहिला संशय त्याच्यावर, आणि महिनाअखेरीस पगार देताना पहिली काटछाट त्याच्या पैशांत. काठमांडूच्या दुकानदाराने आपल्या आईला चार गोड शब्द बोलावेत अशी आपली इच्छा असते. मग त्याच्या देशच्या मुलाला आपल्या गल्लीत नावाने हाक मारायला आपले काय जाते? त्याचेही कागद पाहावेत, पोलिसांत नोंद करावी. ते रीतीचे आहे. पण रीतीचा पगार द्यावा, हेही तितकेच रीतीचे आहे.

उघडे दार दोन्ही घरांनी सांभाळायचे असते. एका बाजूने ते जोराने लोटले की दुसऱ्या बाजूच्या माणसाला लागते, आणि मग तो कडी घालतो. तह कागदावर राहतात; ते टिकतात ते माणसांच्या वागण्याने. म्हणून यात्रेला निघताना ओळखपत्र खिशात ठेवा, आणि परत आल्यावर आपल्या वस्तीतल्या त्या परदेशी शेजाऱ्याचे खरे नाव विचारा.