चित्रकाराची उपजीविका

गवई एकच चीज दहा मैफलींत गातो आणि दहा वेळा बिदागी घेतो. नाटककारास प्रयोगागणिक मानधन मिळू शकते. चित्र मात्र एकदाच विकले जाते व विकले की ते चित्रकाराच्या दृष्टीआड होते. त्याच्या उपजीविकेची बहुतेक अडचण या एका गोष्टीत सामावलेली आहे. एका चित्रास महिना लागला, तर त्या महिन्याचे घरभाडे, रंग, कॅनव्हास आणि चौकट या साऱ्यांचा भार त्या एकाच विक्रीवर पडतो; गिऱ्हाईक न आले तर चित्र भिंतीकडे तोंड करून उभे राहते.

पूर्वी हा भार संस्थानिक उचलीत. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजा रविवर्मा यांजकडून १४ पौराणिक चित्रे करवून घेतली. परंतु आश्रय म्हणजे अखेर एका माणसाची मर्जी आणि एका माणसाचे आयुष्य. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परतले व शाहू छत्रपतींच्या दरबारी चित्रकार झाले. कोटीतीर्थाच्या परिसरातील पाणी, झाडी आणि बदलता उजेड त्यांनी ज्या प्रेमाने रंगविला, त्यास तोड थोडी. १९२२ साली महाराज निवर्तले. पुढे १९३१ साली मृत्यू येईपर्यंतची आबालालांची वर्षे हलाखीत गेली. त्यांच्या हातातील कसब काही महाराजांबरोबर गेले नव्हते. गेला तो पोशिंदा.

रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईस छापखाना काढला, त्यामुळे राजवाड्यातील लक्ष्मी-सरस्वती सामान्य माणसाच्या देवघरात आल्या. छापखाना चालविणे हे मात्र चित्रकाराचे काम नव्हे. तो कर्जात रुतला आणि शेवटी एका जर्मन तंत्रज्ञास विकावा लागला. पुढे व्यापाऱ्यांच्या दिनदर्शिकांवर तशीच चित्रे छापून येऊ लागली. लुगडे फुकट मिळावे असे ज्या घरास स्वप्नातही वाटले नसते, त्या घरास चित्र ही दिवाळीस दुकानदाराकडून फुकट मिळणारी वस्तू वाटू लागली. चित्रकाराचे याहून मोठे नुकसान क्वचितच कोणी केले असेल, आणि तेही कोणाच्या मनात नसताना!

मग चित्रकाराने कोठे जावे? कोल्हापूरच्या आनंदराव व बाबूराव मेस्त्री या बंधूंनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. लोक त्यांस ‘पेंटर’ म्हणू लागले व तेच आडनाव होऊन बसले. १९१६ साली आनंदराव वारले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आज त्यांचे नाव निघते ते बहुधा चित्रपटासाठी; आडनावातला चित्रकार मागे पडला. मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक फुटाच्या हिशेबाने रंगविले, पुढे मुलांचे फर्निचर व खेळणी यांचे आराखडे केले. दीनानाथ दलालांनी पुस्तकांची व मासिकांची मुखपृष्ठे केली, १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. अशा कामास पोटभरू म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ असतात. तथापि दलालांची चित्रे जितक्या घरांत शिरली, तितकी प्रदर्शनातली शिरली नाहीत, हे त्यांनी विसरू नये.

कित्येकांनी ड्रॉइंग मास्तरकी पत्करली. महिन्याच्या महिन्यास पगार येतो, हे सुख थोडे नव्हे. पण एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या मुलांचे तांबे-घागरी दुरुस्त करून थकलेला हात सायंकाळी स्वतःच्या चित्राकडे कितीसा वळणार?

उरली फर्मायशी तसबीर. श्रोत्यांपैकी अनेकांच्या दिवाणखान्यात कै. आजोबांचे तैलचित्र असेल. पुसट छायाचित्रावरून ते काढावयाचे, वर घरातील प्रत्येकाचे आजोबा निराळे! मुलास मिशा अधिक हव्या असतात, सुनेस डोळे मवाळ. चित्रकार सर्वांस संतुष्ट करतो आणि पैसे घेऊन जातो.

येथे कायद्याची एक बाजू ध्यानात घेण्याजोगी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक कलम घालण्यात आले. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीस विकले गेले, तर त्या किमतीत चित्रकारास वा त्याच्या वारसांस १० टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो. मात्र खासगी बैठकीत झालेली विक्री त्याच्या कानी जाणार कशी, हा प्रश्न राहतोच. त्यातही अट अशी, की चित्राचा पहिला हक्कस्वामी तो स्वतः असला पाहिजे. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा पहिला हक्कस्वामी, उलट करार नसेल तर, ते काढवून घेणारा ठरतो. म्हणजे ज्या कामावर बहुसंख्य चित्रकारांची चूल पेटते, त्याच कामातून हा वाटा हातचा जातो. बयाणा घेताना दोन ओळींचा करार लिहून घेतला, तर तो राखता येतो. परंतु दोन महिन्यांचे भाडे थकलेला चित्रकार, गिऱ्हाईक दाराशी आलेले असताना, कागद-शाई शोधण्याच्या मनःस्थितीत सहसा नसतो.