पुराची जुनी खूण

कृष्णाकाठच्या कित्येक जुन्या घरांच्या भिंतींवर पुराच्या पाण्याची पुसट रेघ आढळते. घरातील वडीलधारी माणसे ती पाहुण्यास दाखवून सांगतात, 'पाणी येथवर आले होते. याच्या वर येत नाही.' या वाक्याच्या पूर्वार्धात अनुभव आहे, उत्तरार्धात केवळ समजूत. आणि ही समजूत किती घातक ठरते ते २०१९ सालच्या ऑगस्ट महिन्यात दिसून आले.

सह्याद्रीवरील पाऊस घेऊन कोयना कऱ्हाडास, वारणा सांगलीजवळ हरिपुरास आणि पंचगंगा नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. डोंगर सुटताच उतार मंदावतो, पात्र वळणे घेते, आणि वरून वेगाने आलेले पाणी शिवारात पसरून रेंगाळते. नृसिंहवाडीस हे पाणी देवळात शिरून दत्तपादुकांवरून वाहू लागले की लोक भक्तिभावाने दक्षिणद्वाराचे स्नान करतात. पूर या मुलखास परका नाही. म्हणूनच त्याविषयी गाफीलपणाही लवकर येतो.

सांगलीस आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फुटांची. २००५ साली तेथे पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि त्या वर्षाची खूण हीच लोकांनी अखेरची मर्यादा मानली. २०१९ साली पाणी ५७ फुटांवर पोचले. ज्यांच्या पायरीशी मागचा पूर थांबला होता, ते निश्चिंत बसून राहिले; निघावेसे वाटले तेव्हा वाट उरली नव्हती. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ गावी ८ ऑगस्ट रोजी माणसांनी खच्चून भरलेली नाव उलटली आणि बायकामुलांसह अनेकांना जलसमाधी मिळाली. नाव उलटण्यास क्षण पुरला. परंतु नावेवाचून गत्यंतर उरू नये, इतका उशीर त्याआधीच झालेला होता. पुढे २०२१ साली कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने २०१९ चीही खूण ओलांडली.

मग उपाय कोणता? राजाराम बंधाऱ्यावर इशाऱ्याची पातळी ३९ फूट व धोक्याची ४३ फूट आहे. मधले हे चार फूट म्हणजेच गावाच्या हाती असलेला अवधी होय. 'घर सोडा' असे सांगणे सोपे असते. पण दावणीची म्हैस मागे ठेवून शेतकरी निघत नाही. म्हणून गुरे कोठे न्यावयाची, त्यांची वैरण कोणी पुरवावयाची, गल्लीतील अंथरुणाला खिळलेले म्हातारे, गरोदर स्त्रिया व बाळंतिणी यांना कोणी उचलावयाचे, हे मृगापूर्वीच ग्रामसभेत ठरले पाहिजे. नाव दुरुस्त असावी, तीत किती माणसे बसावयाची तो आकडा तिच्यावरच रंगवावा, आणि तितकीच तरंगती जाकिटे हाताशी असावीत. दवंडी शेवटच्या वस्तीपर्यंत पोचते की नाही, याची उन्हाळ्यातच एकदा परीक्षा घ्यावी.

भिंतीवरची जुनी रेघ पुसण्याचे कारण नाही. तिच्याशेजारी प्रत्येक कुटुंबाने एवढेच लिहून ठेवावे: 'पुलावर पाणी इतके फूट झाले की या घरची माणसे निघतील.' पहिली रेघ झालेल्या पुराची आठवण देईल. दुसरी येणाऱ्या पुरातून माणसे वाचवील.