बुंध्याआधी मुळे



रेल्वे स्थानक, एसटी स्टँड किंवा बाजारतळ नव्याने बांधायचा ठरला की झाडांचा विषय सर्वांत शेवटी निघतो. तोवर आराखडा मंजूर, निविदा उघडलेली, जेसीबी दारात. मग झाडापुढे न्यायालयाचा दरवाजा तेवढा उरतो.

मुंबईतील आरे हे त्याचे ढळढळीत उदाहरण. मेट्रो-३च्या कारशेडसाठी २,६४६ झाडे तोडण्याचा किंवा हलवण्याचा प्रस्ताव होता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधातील याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली; तेव्हा २,१४१ झाडे पडलेली होती. पुढे ८४ झाडांसाठी अर्ज करण्याची मुभा मिळाली, तर मागणी गेली १८५वर. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने मेट्रो महामंडळाला १० लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि १७७ झाडे काढण्याची परवानगीही दिली. दंडाच्या बातमीवर टाळ्या वाजवणाऱ्यांनी निकालाचा उत्तरार्ध बहुधा वाचला नसावा.

कायदे आहेत. नागरी क्षेत्रातील झाडांसाठी १९७५चा कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष ठरवले आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावण्याची अट घातली. पण श्रीगोंदा तालुक्यातल्या आपल्या काष्टी गावात ग्रामपंचायत आहे. इथे चालतो तो १९६४चा वृक्षतोड नियमन कायदा, तोही यादीतल्या झाडांपुरता. यादीत आंबा, चिंच, जांभूळ आहेत. यादीबाहेरच्या झाडांचे काय करायचे, हे गावाने आणि आराखडा काढणाऱ्याने ठरवायचे.

आणि झाड मरायला करवतच लागते असे नाही.

बांधकामाजवळच्या झाडांसाठी बीएस ५८३७ हे ब्रिटिश मानक आहे. जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा व्यास मोजायचा, त्याला १२ने गुणायचे. तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदाई नाही, मुरमाची भर नाही, रोलर नाही, सिमेंटच्या गोण्यांची थप्पीसुद्धा नाही. ६० सेंटिमीटर व्यासाच्या लिंबाला ही त्रिज्या ७.२ मीटर येते. आपल्याकडे त्याच लिंबाला तीन फुटांचा गोल पार बांधतात, बाहेर पेव्हर ब्लॉक ठोकतात, गटाराची चारी मुळे तोडत नेतात. काही वर्षांनी शेंडा वाळला की कीड लागली म्हणतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. मुळांच्या पसाऱ्यापुढे तो मीटरही तोकडाच, पण निदान तेवढा तरी निविदेत लिहिलेला असावा.

सुशोभीकरणाबद्दल थोडक्यात. झटपट हिरवे दिसते म्हणून कोनोकार्पस लावतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. लॉनचे तर नावच नको. श्रीगोंद्याच्या पर्जन्यछायेत उन्हाळ्यात लॉनला टँकरने पाणी घालायचे आणि शेजारच्या चिंचेला कोरडे ठेवायचे, हा कसला हिशेब? वड, लिंब, चिंच, करंज ही इथल्या उन्हाची सवय असलेली झाडे आहेत.

काष्टी हे दौंड–मनमाड मार्गावरचे स्थानक, आणि हा लोहमार्ग १८७८चा. शनिवारी इथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. अशा गावात सावली ही शोभेची वस्तू नसते. बैल, म्हैस, व्यापारी आणि गाडीची वाट पाहणारी म्हातारी, सगळे तिच्यातच उभे राहतात. म्हणून माझी मागणी एवढीच: नवा आराखडा काढणाऱ्याने एका शनिवारी भर दुपारी इथे यावे आणि लोक व जनावरे कुठल्या झाडाखाली थांबतात ते नकाशावर मांडावे. प्रत्येक बुंध्याचा व्यास आणि मुळांचे वर्तुळ त्याच कागदावर काढावे. तो नकाशा निविदेला जोडावा, वर्तुळाभोवतीच्या तात्पुरत्या कुंपणाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा आणि काम संपल्यावर जी झाडे जिवंत नाहीत त्यांची रक्कम ठेकेदाराच्या शेवटच्या बिलातून वळती करावी.